सिक लाइनवर न आलेले पाय

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



दरवर्षी या दहा दिवसांत आपल्याकडे एक संध्याकाळ व्याख्यानाची असते. आजवर या जागेवरून ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, राणीसाहेबांच्या झाशीवर विद्वान मंडळी बोलली. यंदा सेक्रेटरींचा मला फोन आला, ‘‘तुम्ही रेल्वेवर काहीतरी बोला.’’ मी म्हटले, ‘‘बोलतो, पण विषय पायांचा आहे. पायांच्या फुगलेल्या शिरांचा.’’ ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘मलाही आहेत हो!’’ त्यांची परवानगी घेऊन हे सांगतो आहे. तेव्हाच मला कळले की विषय बरोबर निवडला.

सुरुवातीलाच कबूल करतो, मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षे मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीत गेली. आज सांगणार आहे ते स्वतःच्या पायामुळे वाचावे लागले म्हणून वाचलेले. आपल्या मंडळातील एका डॉक्टर सभासदांनी हे टिपण आधी तपासून दिले आहे. तरीही भाषण ऐकून कोणी स्वतःचे औषध स्वतः ठरवू नये. भाषण ऐकून डॉक्टरांकडे जावे, एवढाच माझा हेतू.

आता आधी माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वीचा हिवाळा. झाशीची थंडी आपल्याला माहीत आहेच. सकाळच्या शिफ्टला जायचे म्हणून कडक गरम पाण्याने अंघोळ केली, टॉवेलने पाय जोरात पुसला आणि डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूने रक्ताची बारीक धार सुरू झाली. दुखले अजिबात नाही, म्हणून आधी गंमतच वाटली. दोन मिनिटांत बाथरूमची फरशी लाल झाली. आमच्या सौ. धावत आल्या, ‘‘अहो, हे काय लागलं?’’ मी स्टुलावर पाय खाली सोडून बसलो आणि वरून पाण्याचे हबके मारू लागलो. रक्त थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलगा शेजारच्या मावशींना बोलावून आला. मावशी रिटायर्ड नर्स. त्या दारातूनच ओरडल्या, ‘‘आधी आडवे व्हा! पाय वर करा!’’ मला तिथेच निजवले, पाय बादलीवर ठेवला, स्वच्छ टॉवेलची घडी त्या जागी घट्ट दाबून धरली आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. मध्ये उचलून बघायचे नाही, अशी ताकीद. थोड्याच वेळात रक्त थांबले. मावशींनी कोणतेही औषध वापरले नव्हते. फक्त पाण्याची टाकी खाली आणली होती. हे वाक्य माझे आहे, त्यांचे नाही. त्याचा खुलासा पुढे करतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पँट वर करायला सांगितली. पोटरीवर दोरखंडासारख्या वळ्या, घोट्याजवळ कातडी काळपट तपकिरी झालेली. विचारले, ‘‘किती वर्षांपासून?’’ म्हटले, ‘‘असतील पंधरा.’’ ‘‘मग दाखवले का नाही?’’ ‘‘दुखत नव्हते.’’ घोट्याजवळ खाज यायची, तिला गजकर्ण समजून मेडिकल स्टोअरमधून मलम आणून लावत होतो. पंधरा वर्षे मी हे पायमोज्यात झाकून हिंडलो. या पंधरा वर्षांत कोणत्याही रुग्णालयाच्या कोणत्याही रजिस्टरात माझ्या पायाची नोंद नव्हती. कोणी विचारले असते, तुमच्या शॉपमध्ये हा आजार आहे का, तर सुपरवायझर म्हणून मीच छातीठोकपणे सांगितले असते, ‘‘आमच्याकडे एकही केस नाही.’’

आजचे माझे सारे बोलणे या एका वाक्याभोवती आहे. ‘एकही केस नाही’ याचा अर्थ काय?

त्याआधी आजार समजून घेऊ. वैद्यकीय मराठीत याला अपस्फीत नीला म्हणतात, पण आपण सगळे व्हेरिकोज व्हेन्सच म्हणतो. हृदयाकडून पायाकडे रक्त धमन्यांतून येते, त्याला हृदयाचा पंप आहे. परत वर जाताना मात्र ते नीलांमधून, उतारावर नव्हे तर चढावर जाते. हा चढ चढवणारा पंप म्हणजे आपली पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतली नीला दाबली जाते आणि रक्त वर सरकते. स्नायू सैल पडला की ते खाली यायला पाहते, पण नीलांमध्ये जागोजागी झडपा असतात आणि त्या मिटतात. आमच्या भाषेत हे नॉन-रिटर्न व्हॉल्व. एका दिशेने जाऊ देणार, उलट येऊ देणार नाही. इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियस या शरीरशास्त्रज्ञाने १६०३ साली या झडपांवर पुस्तक छापले आणि त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना या झडपांचाच आधार घेतला.

या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त वरून खाली गळत राहते. कातडीखालच्या नीलेला स्नायूंचा आधार नसतो, ती ताणली जाते, लांबते आणि नागमोडी होते. ती रुंद झाली की उरलेल्या झडपांची पाकळ्यांशी पाकळी भिडत नाही, गळती आणखी वाढते. आपल्या घराण्यात कोणाला असेल तर आपल्याला होण्याचा संभव वाढतो. वय, बाळंतपणे, वाढलेले वजन हीदेखील कारणे. आणि त्यात भर घालणारे एक कारण म्हणजे तासन् तास उभे राहणे.

उभे राहण्याने काय होते याचा हिशोब सोपा आहे. हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १.२ मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ उभा असतो. पाण्यापेक्षा पारा १३.६ पट जड. भागाकार केला की घोट्यावरचा दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास येतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत मोजला तर दाब खरोखरच ८० ते ९० भरतो. तोच निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचा पंप चालू होतो आणि काही पावलांत दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. झडपा गळत असतील तर चालूनही तो तेवढा उतरत नाही. आणि माणूस आडवा होऊन पाय वर केला, तर स्तंभच उरत नाही. मावशींनी टाकी खाली आणली म्हणालो ते हेच. मी मात्र स्टुलावर पाय सोडून पूर्ण दाबाखाली नळ उघडा ठेवला होता. इंजिनियर असून!

आता रुग्णालयाच्या आकड्यांकडे येतो. उभ्याने काम करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो, असे लोक पूर्वीपासून म्हणत आले. पण ते मोजायचे कसे? हे डेन्मार्कने फार चांगले मोजले. त्या देशात १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक ओळख क्रमांक आहे आणि १९७७ पासून रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येकाची राष्ट्रीय नोंदवही आहे. त्यामुळे अमुक माणूस काय काम करतो आणि पुढे तो कशासाठी भरती झाला हे जोडून पाहता येते. तेथील संशोधकांनी १९९१ साली नोकरीत असलेल्या २० ते ५९ वयाच्या सुमारे १६ लाख लोकांच्या नोंदी ३ वर्षे तपासल्या. २००० साली निष्कर्ष छापला. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्या पुरुषांत व्हेरिकोज व्हेन्ससाठी भरती होण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या १.८५ पट आणि अशा स्त्रियांत इतर स्त्रियांच्या २.६३ पट निघाले.

पुढे २००५ साली त्यांनी दुसरा अभ्यास छापला. त्यात सुमारे ६ हजार नोकरदारांना १९९० मध्ये फोनवर मुलाखत घेऊन कामाच्या पद्धतीबद्दल विचारले होते आणि मग १२ वर्षे त्यांच्या रुग्णालयातील नोंदी पाहिल्या. वय, वजन, धूम्रपान, मुलांची संख्या, ओझी उचलणे हे सगळे हिशोबात धरल्यावरही कामाचा बहुतेक वेळ उभे राहून किंवा चालून घालवणाऱ्या स्त्रियांत भरतीचे प्रमाण १.८२ पट, पुरुषांत १.७५ पट आले. नोकरीच्या वयातील पाचव्या हिश्श्याहून अधिक केसेस उभ्याच्या कामाच्या खाती जातात, असा त्यांनी अंदाज काढला. म्हणजे पाचांतली एक केस कामाच्या ठिकाणी टळण्यासारखी.

याच अभ्यासातला एक साधा आकडा मात्र मला फार वेळ विचार करायला लावून गेला. त्या १२ वर्षांत व्हेरिकोज व्हेन्ससाठी रुग्णालयात भरती झालेले पुरुष होते ४० आणि स्त्रिया ७१. तपासलेल्या गटात स्त्री-पुरुष थोड्याफार फरकाने सारखेच होते. पुरुषांची संख्या इतकी कमी पडली की त्यांच्या बाबतीतला १.७५ हा आकडा संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्का ठरवता आला नाही. मग प्रश्न पडतो, हा आजार काय बायकांचाच आहे?

उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळते. १९९० च्या दशकात एडिंबरा शहरात काही डॉक्टर रुग्णालयाच्या दारात बसून राहिले नाहीत. त्यांनी १२ फॅमिली डॉक्टरांच्या याद्यांतून १८ ते ६४ वयाची माणसे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, त्यातून तपासणीला आलेल्या ६९९ पुरुष आणि ८६७ स्त्रियांचे पाय स्वतः पाहिले. तक्रार असो वा नसो. वयाचा हिशोब धरून मोठ्या शिरा फुगलेले पुरुष निघाले जवळजवळ ४० टक्के आणि स्त्रिया ३२ टक्के. म्हणजे पुरुषच जास्त! सगळ्याच पाहण्यांत असे निघाले असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीत नव्या केसेसचे प्रमाण वर्षाला स्त्रियांत २.६ टक्के आणि पुरुषांत १.९ टक्के आले होते. पण ‘पुरुषांना हा आजार फारसा नसतो’ हे मात्र कोठेच सिद्ध झाले नाही.

रेल्वेतल्या बांधवांना हे मी एका वाक्यात समजावतो. रुग्णालयातील भरतीचा आकडा म्हणजे सिक लाइनवरच्या वॅगनचा आकडा. इतरांसाठी सांगतो, गाडी यार्डात आली की टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा, डब्यांकडे पाहतो. दोष दिसला तर डब्यावर ‘सिक’ अशी खूण करून तो वेगळ्या लाइनवर काढतात. आमच्याकडे डबाही सिक होतो आणि माणूसही सिक होतो, शब्द एकच. पण सिक लाइनवर दहा डबे उभे आहेत म्हणजे साऱ्या गाड्यांत दहाच डबे खराब आहेत असे कोणी म्हणेल का? ते फक्त पकडलेले दहा. म्हणून तर रेल्वेत पीओएच असते. डब्याची तक्रार असो-नसो, मुदत भरली की त्याला वर्कशॉपमध्ये यावेच लागते. वरून चकचकीत दिसणाऱ्या एक्सलचीही अल्ट्रासॉनिक तपासणी होते, कारण आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. डेन्मार्कचा आकडा सिक लाइनचा आहे, एडिंबराचा पीओएचचा. दोन्ही खरे आहेत. पण दोन्ही शेजारी ठेवले तरच कळते की कोणते डबे सिक लाइनपर्यंत येतच नाहीत.

भरतीच्या आकड्याला आणखी एक खोड आहे. तो उपचाराच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. जर्मनीतील ट्रेंडेलेनबुर्ग या सर्जनने १८९० च्या सुमारास मांडीच्या वरच्या भागात मुख्य नीला बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया सांगितली. पुढे ती नीला ओढून काढण्याची पद्धत आली. त्यासाठी भूल, टाके, वॉर्डातला मुक्काम. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लेझर आले. आता सोनोग्राफीत पाहत सुईच्या छिद्रातून नळी घालतात, बिघडलेली नीला आतून उष्णतेने बंद करतात आणि रक्त आतल्या चांगल्या नीलांच्या वाटेने जाऊ लागते. माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी. इंग्लंडमध्ये २००९-१० या वर्षात तेथील सरकारी आरोग्यसेवेत या आजारावर सुमारे ३५ हजार प्रक्रिया झाल्या. २०१३ मध्ये तेथील ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने सांगितले की योग्य रुग्णाला आधी उष्णतेची पद्धत सुचवावी, ती जमत नसेल तर फेसाचे इंजेक्शन आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. आता जो रुग्ण सकाळी येऊन दुपारी घरी गेला, त्याला भरती म्हणायचे की नाही? आकडा खाली आला तर आजार कमी झाला, की खाटा कमी लागल्या? तेव्हा पेपरात असा आकडा वाचलात तर आधी विचारा, मोजले काय?

बरे, पुरुष का येत नाहीत? मी दुसऱ्याचे कशाला सांगू, माझेच सांगतो. एक तर पँट. स्त्रिया पायांकडे पाहतात, बाळंतपणाच्या निमित्ताने डॉक्टरही पाहतात. आमच्या पायांकडे कोण बघतो? दुसरे, दुखत नाही. एडिंबराच्याच पाहणीत दिसले की जडपणा, खाज, पेटके या तक्रारींचा आणि फुगलेल्या शिरांचा मेळ नीटसा बसत नाही. कोणाच्या शिरा मोठ्या पण तक्रार नाही, कोणाचा पाय दुखतो पण कारण गुडघ्यात किंवा कमरेत. म्हणून न दुखणे ही निरोगी असल्याची पावती नव्हे. तिसरे कारण आपण उघड बोलत नाही. सिक झालो तर इन्सेन्टिव जाईल, मेडिकल कॅटेगरी उतरेल, हलके काम देतील, लोक काय म्हणतील. कोणी मला तसे म्हटले नव्हते. भीती माझी मीच तयार केली होती आणि पंधरा वर्षे सांभाळली.

ही पुरुषी खोड आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये मारियस नावाचा मोठा सेनापती होता. त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. प्लुटार्क या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की त्याने स्वतःला बांधून न घेता, तोंडातून आवाज न काढता एका पायावर शस्त्रक्रिया करून घेतली. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मानाने मिळणारा फायदा कमी, असे त्याचे म्हणणे. भूल नव्हती त्या काळी, त्याला दोष देत नाही. पण आज भूल आहे, सुई आहे, सोनोग्राफी आहे आणि तरीही आपण पहिला पायसुद्धा दाखवत नाही.

न दाखवल्याने काय होते? डॉक्टर या आजाराच्या सात पायऱ्या मानतात, शून्यापासून सहापर्यंत. शून्य म्हणजे काही दिसत नाही. एक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा. दोन, फुगलेल्या शिरा. तीन, सूज. चार, कातडीचा रंग व पोत बदलणे. पाच, भरलेली जखम. सहा, उघडी जखम. माझी गाडी दोनवर सुटली होती आणि मी तिला चारवर पकडले, तेही तिने शिटी मारली म्हणून. सगळे सहापर्यंत जातात असे नाही, बरेच लोक दोनवरच आयुष्य काढतात. पण घोट्याजवळची जखम एकदा झाली की महिनोन् महिने भरत नाही. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पट्टी सगळ्यांनाच बांधली होती. ज्यांची बिघडलेली नीला लवकर बंद केली त्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरली, ज्यांना थांबवले त्यांना ८२ दिवस लागले. म्हणजे नुसते मलम लावत बसू नये, गळती कोठे आहे ते शोधावे. डॉपलर सोनोग्राफी हे काम करते. पायाची अल्ट्रासॉनिक तपासणीच म्हणा ना.

बरा होऊन कामावर परतल्यावर एक दिवस चहाच्या सुट्टीत मी माझी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सगळ्यांना पाय दाखवला. सुरुवातीला हशा झाला. मग एक वेल्डर काही न बोलता खाली वाकला आणि त्याने आपली पँट वर केली. मग शेजारच्या फिटरने. मग आणखी एकाने. आकडा सांगत नाही, कारण ती पाहणी नव्हती, चहा होता. पण बाकावर एका ओळीत बसलेले ते पाय मी विसरणार नाही. त्यांतल्या एकाच्या घोट्यावर उघडी जखम होती आणि तो तिच्यावर रुमाल गुंडाळून रोज आठ तास माझ्यासमोर उभा राहत होता. माझ्या देखरेखीखाली! त्याला मी दुसऱ्याच दिवशी सोबत घेऊन गेलो. आज त्याची जखम भरली आहे.

आता भगिनींकडे वळतो. आकड्यांत तुम्ही जास्त आलात म्हणजे तुम्ही शहाण्या, वेळेवर दाखवता, असे म्हणून मी सुटणार नाही. उभ्याच्या कामाचा त्रास डेन्मार्कमध्ये तुम्हालाच ठळकपणे दिसला. माझी आई चुलीपुढे बसून स्वयंपाक करायची. आमच्या सौ. ओट्यापुढे उभ्या राहून करतात आणि नंतर शाळेत फळ्यापुढे उभ्या राहतात. परवा याच मंडपामागे मोदकांसाठी ज्या वहिनी आणि काकू सकाळपासून उभ्या होत्या, त्यांना आपण कोणी खुर्ची नेऊन दिली का? नोकरी म्हणून उभे राहणे कागदावर तरी येते. घरातले उभे राहणे कोणत्याच रजिस्टरात येत नाही.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. एक, स्तब्ध उभे राहू नका. उभे राहावेच लागले तर दर थोड्या वेळाने टाचा उचला, टेकवा, जागच्या जागी पावले टाका, एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवा. पंप चालू राहिला पाहिजे. दोन, सुट्टीत बसा आणि जमेल तेव्हा पाय वर घ्या. तीन, रोज चाला, वजन आटोक्यात ठेवा. चार, डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले तर ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवा. झाशीच्या मे महिन्यात ते घालणे म्हणजे तपश्चर्या आहे, मान्य. पण मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्यांत दोष असेल तर विचारल्याशिवाय मोजे घालू नका, अपाय होऊ शकतो. पाच, शिरेतून रक्त आले तर आडवे व्हा, पाय वर, स्वच्छ कापडाने घट्ट दाब, आणि मग डॉक्टर. वर दोरी आवळू नका. सहा, एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आतल्या नीलेत गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धाप लागली किंवा छातीत दुखले तर एक मिनिटही थांबू नका.

शेवटी एक विनंती आणि एक कबुली. विनंती अशी की आज आरतीनंतर घरी गेल्यावर प्रत्येकाने उजेडात उभे राहून पाय पाहावेत. स्वतःचे, वडिलांचे, नवऱ्याचे, विशेषतः जे ‘मला काही नाही’ म्हणतात त्यांचे. पोटरी, गुडघ्याची मागची बाजू, घोट्याची आतली बाजू. घरच्या घरी हे पीओएच समजा. आणि कार्यकारिणीला विनंती की प्रसादाच्या टेबलामागे आणि मोदकांच्या ओट्याजवळ पुढच्या वर्षी स्टुले ठेवावीत.

कबुली अशी की मारियसला हसण्याचा मला अधिकार नाही. माझा डावा पाय झाला, उजव्यालाही तोच दोष आहे, हे डॉपलरमध्ये तेव्हाच दिसले होते. चार वर्षे मी तो पुढे ढकलतो आहे. दिवाळी झाल्यावर, इन्स्पेक्शन झाल्यावर, मुलाची बारावी झाल्यावर. हे भाषण लिहिताना मलाच लाज वाटली. परवा जाऊन तारीख घेतली. अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार. आता तुम्हा सगळ्यांसमोर बोललो आहे, त्यामुळे माघार नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी चालेन, उभा राहणार नाही. तुम्हीही चालत राहा.



गणपती बाप्पा मोरया!